उसनं वळण

पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पिंपामागे नाग शिरला, तेव्हा प्रणिता गावडे सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवत होती. तिला बोलावणं आलं. पिंप आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा होती. साप धरायचा लोखंडी आकडा तिथे फिरेना. स्वयंपाकाच्या बाया बाकावर उभ्या होत्या, आणि नाग फणा काढून कोपऱ्यात उभा होता. प्रणिता गुडघ्यांवर बसली. पुढचं तिला नीट आठवत नाही. डावा हात हळूच एका बाजूला हलला, नागाचं लक्ष तिकडे गेलं, आणि उजवा हात त्याच्या मानेमागे होता. अंगठा आणि दोन बोटं अगदी जिथे असायला हवीत तिथेच.

नाग पिशवीत बंद केल्यावर ती नळाच्या मागे जाऊन ओकली. हात मात्र दगडासारखा स्थिर होता. एका अर्थी तो तिचा नव्हताच. तो परबकाकांचा हात होता.

चंदगडच्या त्या पट्ट्यात थंडी अशी आता उरली नव्हती. डिसेंबरातही काजूच्या बागांतून, उसाच्या फडांतून साप फिरत. प्रणिताचे सासरे मण्यार चावून गेले होते. त्यानंतर तिचा नवरा ओंकार घरात कुठेही हात घालण्याआधी काठी आपटायचा, आणि प्रणितानं 'हातभार'वर नाव नोंदवलं होतं.

'हातभार' हे मुळात कारागिरांचं संकेतस्थळ. सुतार, गवंडी, कुंभार, मोटार दुरुस्त करणारे एकमेकांना तिथे अडचणी विचारत, उपाय सांगत. मग बाही आली. मनगटापासून कोपरापर्यंत घालायची पातळ कापडी बाही, आतून बारीक तारांची जाळी असलेली. स्नायू हलतो तेव्हा त्यात क्षीण वीज निर्माण होते, ती ही जाळी टिपते. एखाद्या जाणत्या माणसानं बाही घालून काम केलं की त्याच्या हाताची सगळी हालचाल साठते. शिकणाऱ्यानं बाही घातली की तीच वीज त्याच क्रमानं त्याच्या स्नायूंना मिळते, आणि हात न शिकलेली हालचाल करू लागतो.

पण हालचाल करवून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. बाही काढली की हात पुन्हा आपल्या जागी येणार. म्हणून कानाला एक छोटा चिमटा लावायचा. मेंदूतून निघून पोटापर्यंत जाणारी एक लांब नस असते, तिची फांदी कानापाशी त्वचेजवळ येते. हालचाल बरोबर झाली की चिमटा त्या नसेला किंचित चेतवतो, आणि मेंदूत अशी रसायनं सुटतात की जणू कोणी बजावतंय, हे महत्त्वाचं आहे, हे ठेव. माणूस एरवी वर्षानुवर्षं चुकतमाकत जे हाताला लावून घेतो, ते काही आठवड्यांत रुजतं. लोक त्याला वळण म्हणत. कोणाचं चाकावरचं वळण, कोणाचं करवतीचं. सगळं फुकट, एकानं दुसऱ्याला दिलेलं.

सापाच्या पकडीचं वळण दोडामार्गच्या नारायण परबांचं होतं. साठी ओलांडलेले, उभं आयुष्य साप सोडवण्यात घालवलेले. त्यांचं वळण महाराष्ट्रात, गोव्यात, कर्नाटकात हजारोंनी घेतलं होतं. प्रणितानं त्यांना फक्त पडद्यावर पाहिलं होतं, आणि तरी रोज सकाळी चहाचा कप उचलताना आपली बोटं त्यांच्यासारखी दुमडतात हे तिच्या लक्षात येऊ लागलं होतं.

त्यात तिला आधी गंमतच वाटली. ओट्यावरून घसरलेली पळी ती न बघता हवेत झेलायची. एकदा वर्गात वह्या तपासताना पुढच्या बाकावरची मुलगी एकदम वळली, तिची वेणी टेबलावरून सरकली, आणि प्रणिताच्या हातानं ती वेणी मुळाशी घट्ट पकडली. मुलगी कळवळली. सगळा वर्ग हसला, प्रणिताही हसली. संध्याकाळी तिनं ओंकारला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. पण काही बोललाही नाही, कारण त्याच आठवड्यात तिनं शेजारच्या घरातून घोणस काढली होती आणि सारा गाव तिचं नाव घेत होता.

मुक्ता त्यांची मुलगी, तीन वर्षांची. रविवारची दुपार होती. प्रणिता दिवाणासमोर जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, ओंकार बाहेर गाडी धूत होता. मुक्ता दिवाणाखाली लपली आहे हे तिला माहीत होतं. आपण सापडायचं नाही असा तिचा खेळ चालला होता, आणि प्रणिता "कुठं गेली बाई मुक्ता" म्हणत होती. दिवाणावरच्या चादरीची झालर हलली. खालून तेल लावलेलं गुळगुळीत डोकं सर्रकन बाहेर आलं.

मुक्ताचा चेहरा फरशीवर दाबला गेला. प्रणिताचा अंगठा तिच्या मानेच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, जबड्याच्या अगदी मागे. डावा हात शेपटीच्या शोधात गेला आणि मुक्ताच्या पोटरीवर बसला. मग हातांनी तिला उचललं. प्रणिता हे सगळं बघत होती. सोड, सोड, असं ती स्वतःला सांगत होती, पण धरलेला साप पिशवीत गेल्याशिवाय बोटं सैल करायची नसतात. मुलीचे ओठ निळसर पडत होते. प्रणितानं ओंकारला हाक मारली, ती तिला स्वतःलाच ओळखू आली नाही. तो धावत आला आणि त्यानं एकेक बोट उलगडून मुलीला सोडवलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मानेच्या मणक्यांना काही झालेलं नाही. परबकाका सापाला कधी इजा करत नसत. त्यांची पकड घट्ट होती, पण चिरडणारी नव्हती. मुक्ता वाचली ती त्यामुळे. तिच्या मानेवर तीन लालसर ठसे मात्र उमटले होते, आणि दवाखान्यातल्या नर्सनं ते बघून ओंकारकडे असं पाहिलं की तो खाली बघू लागला. प्रणितानं स्वतःहून सांगितलं, मी केलंय. नर्सला त्यातलं काही कळलं नसावं. तिनं मुक्ताला प्रणितापासून थोडं लांब नेऊन बसवलं, आणि प्रणिताला त्याबद्दल तिचे आभार मानावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी ओंकारनं मुक्ताला बेळगावला प्रणिताच्या आईकडे नेऊन सोडलं. प्रणिता दारातसुद्धा आली नाही. खिडकीतून तिनं गाडी वळताना पाहिली. शाळेत तिनं रजा टाकली. ओंकार घरात वावरताना चपला वाजवत चालू लागला, खोलीत येण्याआधी खोकू लागला. वडील गेल्यावर साप असेल म्हणून काठी आपटणारा हा माणूस आता बायकोसाठी आवाज करतोय, हे तिला दिसत होतं. त्यावर दोघं बोलले नाहीत.

ती बोलली ती 'हातभार'वर. घडलं तसं सगळं लिहिलं, मुलीचं वयही. आधी रागाच्या प्रतिक्रिया आल्या. तुमच्या अशा लिहिण्यानं लोक शिकायचे थांबतील आणि पुढच्या पावसाळ्यात माणसं मरतील, असं एकानं बजावलं. ते खोटं नव्हतं. तालुक्यात सर्पदंशाचे मृत्यू खरोखरच घटले होते. मग हळूहळू दुसऱ्या तऱ्हेचे निरोप येऊ लागले, जाहीर नव्हे, तिला एकटीला. वाईच्या एका माणसानं आईचं मनगट मोडलं होतं. घरच्यांना त्यानं ती पडली असं सांगितलं होतं. राजापूरची एक बाई उजवा हात दिवसभर ओढणीनं कमरेला बांधून ठेवत होती. मला एकटीलाच वेड लागलंय असं वाटत होतं, असं तिनं लिहिलं. आणि एकानं फक्त एवढंच विचारलं की बाळ किती महिन्यांचं असेल तर यातून वाचतं. प्रणिता उत्तर लिहू लागली तोवर तो प्रश्न नाहीसा झाला होता. त्या माणसाचं खातंही. तो कोण, कुठला, काही कळायला मार्ग राहिला नाही. पुढे कित्येक दिवस वर्तमानपत्र उघडलं की ती आधी लहान मुलांच्या बातम्या शोधायची.

बाहीची मूळ रचना करणाऱ्या डॉ. वर्षा बेडेकर पुण्याच्या. त्यांनी प्रणिताचं लिखाण वाचून स्वतःच संपर्क केला. पडद्यावर त्या थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. बाही स्नायूंत घडतं तेवढंच टिपते, त्या म्हणाल्या. परबांनी आयुष्यात जितक्या वेळा हात टाकला असेल, त्याच्या शेकडो पटींनी तो आवरला असेल. दोरी बघून, पायात आलेलं मांजर बघून, अंगणात रांगणारं नातवंड बघून. आवरलेल्या हाताचं स्नायूंत काहीच उमटत नाही. थांबणं मेंदूत घडतं.

"आम्ही त्यांनी केलेलं सगळं घेतलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी न केलेलं घ्यायचं राहून गेलं. ते आमच्या लक्षातच आलं नाही."

प्रणितानं विचारलं की हे आता काढून टाकता येईल का. नाही येणार, डॉक्टर म्हणाल्या. पोहायला शिकलेल्या माणसाला पोहणं विसरायला लावता येत नाही. त्याच्यावर थांबण्याचं वळण चढवता येईल कदाचित. पण ते कोणाकडून उसनं घेता येणार नाही. जे बघून हात सुटतो तेच पुन्हापुन्हा समोर आणायचं, आणि हात थांबला त्या क्षणी कानाचा चिमटा चालवायचा.

"म्हणजे माझी मुलगी समोर आणायची?"

"नाही. सुरुवात दुसऱ्या कशानं तरी करा."

प्रणिता आणि ओंकारनं चादरीखाली दोरी ओढून पाहिली. दोरीला हात फसेना. सराईत हाताला जिवंत आणि निर्जीव यातला फरक एव्हाना कळू लागला होता. मग ओंकारनं कोंबडी आणली. टोपलीखालून ती बाहेर पडली, आणि प्रणिताला काही समजायच्या आत तिची मान प्रणिताच्या मुठीत होती. कोंबडीची मान सापाइतकं सोसत नाही. ओंकारनं ती परसात नेऊन पुरली. त्या रात्री दोघंही जेवले नाहीत, आणि प्रणितानं ठरवलं की पुन्हा कुठलाही जीव समोर आणायचा नाही.

मधल्या काळात गावात साप निघायचे थांबले नव्हते. एकदा पलीकडच्या आळीतून निरोप आला, न्हाणीघरात घोणस आहे. ओंकार नको म्हणत होता. प्रणिता गेली. जाण्याआधी तिनं फोनवरून बजावलं की घर पूर्ण रिकामं करा, एकही पोर आसपास ठेवू नका. ती पोचली तेव्हा माणसं रस्त्याच्या पलीकडे भिंतीला चिकटून उभी होती. तिनं घोणस पिशवीत घातली आणि बाहेर आली. एक बाई पुढे येऊन तिला पाणी देणार होती, ती तांब्या पायरीवर ठेवून मागे सरकली. सगळ्यांची नजर तिच्या हातावर होती, पिशवीवर नव्हती. बातमी पसरलेली होती.

परबकाका आले ते कळवूनसवरून नव्हे. एका सकाळी एसटीतून उतरून, घर विचारत विचारत दारात उभे राहिले. पडद्यावर वाटायचे त्यापेक्षा बुटके, खांदे थोडे वाकलेले. प्रणिता दोन पावलं मागे झाली आणि त्यांना तिथेच थांबा म्हणाली. ते थांबले नाहीत. आत येऊन खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मग पिशवीतून त्यांनी कातड्याच्या दोन जाड पट्ट्या काढल्या आणि मनगटावर बांधायला लागले.

"तुझ्यात हात माझाच आहे, बाय," ते म्हणाले. "तो सोसायचा असेल तर मीच सोसला पाहिजे."

तिनं नकार दिला. वाईच्या त्या आईचं मनगट मोडलं, हे सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. तो माणूसही त्यांच्याकडे रडून गेला होता. त्यांनी 'हातभार'ला आपलं वळण काढून टाकायला सांगितलं होतं आणि ते काढलंही गेलं होतं, पण एव्हाना त्याच्या नकला झाल्या होत्या. कुठल्या तरी सुरक्षा कंपनीनं आपल्या पहारेकऱ्यांसाठी तीच पकड विकत घेतल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. माणसाला मानेमागे धरायला.

"कोणाकोणाच्या घरात माझा हात फिरतोय, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "झोप लागत नाही मला. तू मला निदान दिसतेस तरी."

मग ते दर आठवड्याला येऊ लागले. दिवाण चादरीनं झाकायचा, त्यामागे परबकाकांनी बसायचं, आणि केव्हाही चादरीखालून हात बाहेर काढायचा. प्रणिताच्या कानाला चिमटा, पुण्याहून डॉ. बेडेकर पडद्यावर बघताहेत, ओंकार बाजूला उभा, बोटं उलगडायला. हात बाहेर यायचा आणि धरला जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा धरला जायचा. पट्ट्या असूनही म्हाताऱ्याचं मनगट काळंनिळं पडे. प्रणिता रडकुंडीला येऊन विचारायची, तुम्ही कसे थांबता ते तरी सांगा. ते खरोखर विचारात पडायचे.

"नाही सांगता येत गं," ते एकदा म्हणाले. "आजवर कधी थांबलो हेच मला माहीत नव्हतं."

कितीतरी आठवडे काहीच झालं नाही. ओंकार रविवारी बेळगावला जाऊन मुक्ताला भेटून यायचा. ती आता आजीकडे रुळली, अंगणात खेळते, जेवते नीट, असं सांगायचा. फोनवर मुक्ता प्रणिताशी बोलायची, पण थोडंच. काय खाल्लंस विचारलं की सांगायची, कधी येऊ विचारलं की आजीकडे फोन द्यायची.

मग एका सकाळी परबकाकांचा हात चादरीखालून सुटला आणि प्रणिताचा हात उठून हवेत अडला. बोटं पसरलेली, पण खाली न आलेली. डॉ. बेडेकरांनी चिमटा चालवला. परबकाकांनी आपला हात तसाच, उघडा, तिच्या पंजाखाली ठेवला. हळूहळू तिची बोटं मिटली, रिकामी.

त्यानंतर ते पुन्हापुन्हा घडू लागलं. आधी दहातून एखाद्या वेळी, मग अधिक. डॉ. बेडेकरांनी परबकाकांचं थांबणं आणि प्रणिताचं थांबणं पुढच्या लोकांना उपयोगी पडावं म्हणून काय काय मोजता येईल ते मोजून ठेवलं. पण नवीन वळण काढायला त्या तयार नव्हत्या. राजापूरच्या बाईला त्यांनी सांगितलं, तुमच्याजवळचं कोणीतरी शोधा, जे तुमच्यासमोर बसेल. तेवढंच सांगता आलं. ते कोणाला मिळालं, कोणाला नाही. 'हातभार' चालू राहिलं, त्यावर कुंभार आणि सुतार अजूनही एकमेकांना हात देत होते, पण पूर्वीसारखं बेधडक कोणी काही घेत नव्हतं.

परबकाकांच्या पट्ट्या सुटल्या. मग प्रणितानं होकार दिल्यावर त्यांनी एक मांजर आणलं, त्यालाही काही झालं नाही. शेवटी शेवटी तर प्रणिता भाजी निवडत असायची आणि मांजर चादरीखालून तिच्या मांडीवर उडी घ्यायचं, तिचा हात जागचा हलायचा नाही. तरी तिनं कित्येक दिवस मुक्ताला आणू दिलं नाही. ओंकारनंच एक दिवस न सांगता गाडी काढली, आणि मुक्ताला घेऊन येतोय असं बेळगावहून फोन करून कळवलं.

संध्याकाळ उजेडाची होती. परबकाका आठवड्याच्या फेरीला आलेले होते, ते ओसरीवर बसले होते, गरज पडली तर असावं म्हणून. गाडी थांबली. मुक्ता उतरली, उंच झालेली, केस कापलेले. प्रणिता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिनं हात अंगाला सरळ सोडले, बोटं मोकळी ठेवली. मुलीनं तिला पाहिलं, तोंडभर हसली आणि धावत सुटली.

प्रणितानं तिला येताना पाहिलं. पायांतून, छातीतून भीतीची लाट वर चढली, पण हातात काही उठलं नाही. हात शांत होता. ती मुक्ताचीच वाट बघत होती, आणि मुक्ताच येत होती.

आणि चार हातांवर आल्यावर मुक्ता थांबली.

तिला कोणी थांबवलं नव्हतं. ओंकार गाडीपाशी होता, आजी बरोबर आलीच नव्हती. आजीनं, ओंकारनं, कोणीही तिला कधी काही शिकवलं नव्हतं, हे नंतर त्यांनी एकमेकांना विचारून घेतलं. मुक्ताचे पाय जागच्या जागी रोवले गेले, दोन्ही खांदे वर गेले आणि इवलीशी मान त्यांच्यात ओढली गेली. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. आपण का थांबलो हे तिलाही कळत नव्हतं. तिनं एकदा पुढे पाऊल टाकायला पाहिलं, पाऊल पुढे पडेना. तेव्हा ती गोंधळून आईकडे बघू लागली.

प्रणिता सावकाश खाली मातीत बसली. पुढे झाली नाही, हाक मारली नाही. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मुलीला दिसणार नाहीत असे एकमेकांत गुंतवून ठेवले. परबकाका ओसरीवरून उठू लागले, तिनं मानेनंच त्यांना नको म्हटलं.

"बस तिथंच," ती मुक्ताला म्हणाली. "आपण दोघी बसू."

मुक्ता खाली बसली. दोघींमध्ये चार हात अंगण होतं. प्रणिताला आता ठाऊक होतं की हे असं अंगात बसलेलं उतरायला किती दिवस लागतात, आणि कोणीतरी समोर बसून राहावं लागतं.